जाऊन येणारं वांगं

कॉम्प्युटरवाल्या माणसांचे किस्से कुणी लिहून ठेवत नाही, तरी ते हरवतही नाहीत. काम संपलं की कुठल्यातरी कोपऱ्यात गुपचूप जाऊन बसतात. मग कधीतरी कुणी "तुमच्या त्या तंजावूरच्या ऑफिसात..." एवढं म्हणायचा अवकाश, की एकामागून एक उघडायला लागतात! परवा मुलीच्या लॅपटॉपवर कुठलासा आयकॉन दिसेना म्हणून ती वैतागली होती. मी म्हटलं, "आयकॉन दिसत नाही? बस इथं. आधी चहा टाक." संध्याकाळ झाली तरी मी बोलतच होतो. लॅपटॉप तसाच राहिला. आता तुम्हीही बसा.

दोन हजार सालाच्या पुढची दोन-चार वर्षं असतील. देश खुला झाला होता आणि ज्याला त्याला बंगळूर नाहीतर अमेरिका गाठायची होती. मी सांगलीचा. मी मात्र तंजावूरला निघालो, कारण बंगळूरनं मला घेतलं नव्हतं! राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, एका वीणेच्या दुकानाच्या माडीवर सेतुमाधवरावांचं ऑफिस होतं. मी तोंडात इंग्रजी वाक्यं घोळवत जिना चढलो. वर पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला गंध लावलेले गृहस्थ मॉडेमशी झटापट करत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "या हो. बसा. जेवण झालें की?"

मी गारच! सांगलीपासून इतक्या लांब, तमिळ मुलखात, माझ्या पणजीच्या तोंडी शोभेल अशी मराठी! सेतुराव हसले. "आमचे पूर्वज राजांबरोबर आले, ते परत जायाचें विसरले. घरांत अस्की हेंच बोलतात. लिहाला मात्र तमिळ." अस्की म्हणजे सगळे, हे मला मागाहून कळलं.

सेतुराव स्वतः मुंबईतली चांगली नोकरी सोडून गावी परतले होते. इथल्या पोरांना कामासाठी गाव सोडायला लागू नये, एवढा त्यांचा हट्ट. ऑफिसात माणसं मोजकी. सेल्वम नावाचा तमिळ मुलगा चित्रं आणि स्क्रीन सांभाळायचा. आणि इथल्याच मराठी घरातली जानकी, जिला सगळे जानक्का म्हणायचे, ती बाकी सगळं सांभाळायची. आमच्या चर्चा इंग्रजीत व्हायच्या, भांडणं मराठीत आणि कॉफी तमिळमध्ये.

काम एकच होतं, पण त्यावरच सगळ्यांचं पोट. गावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलासाठी लिनक्सवर चालणारा प्रोग्राम. लॅबमध्ये पेशंटचा रिपोर्ट तयार झाला की डॉक्टरांच्या स्क्रीनवर, खालच्या पट्टीत घड्याळाशेजारी जे चिमुकले आयकॉन बसतात, त्यातला आमचा आयकॉन लाल व्हायचा. त्या जागेला आम्ही ट्रे म्हणायचो. लाल आयकॉनवर क्लिक केलं की रिपोर्ट समोर. ऐकायला किती सोपं! आयकॉन दिसला तर सोपं. तो दिसत नसे, हीच आमची नोकरी होती.

हॉस्पिटलवाले पोंगलनंतर ठरवणार होते: हाच प्रोग्राम बाकीच्या गावांतल्या शाखांत बसवायचा, की दिल्लीच्या मोठ्या कंपनीचा आणायचा. तो आला तर आमच्या माडीला कुलूप. सेल्वम आणि मी कुठंही गेलो असतो. पण जानक्काला बंगळूरच्या एका कंपनीनं केव्हापासून बोलावून ठेवलं होतं, आणि तिची आई तिरुवैयारुचा कावेरीकाठ सोडून कुठंही जायला तयार नव्हती. "पोंगलनंतर सांगतें," असं जानक्का बंगळूरलाही म्हणाली होती आणि आईलाही.

•

पहिला किस्सा वांग्याचा.

आयकॉन काय ठेवायचा यावर सेल्वमनं एका वाक्यात निकाल दिला. "तंजावूरची बाहुली!" ती मान डोलावणारी, घेरदार घागऱ्याची बाहुली इथल्या प्रत्येक घरात असते. सेल्वमनं ती अशी रंगवली, की सेतुराव म्हणाले, फ्रेम करून भिंतीवर लावूं. नाकात चमकी, केसात मोगरा, घागऱ्यावर जरीची नक्षी.

मग ती ट्रेमध्ये बसवली. ट्रेमधली जागा म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखापेक्षा कमी! बाहुली आक्रसली. मोगरा गेला, चमकी गेली, नक्षीचा चिखल झाला. त्यात पाठीमागे पांढरा चौकोन राहिला तो वेगळाच, जसं काही तिला पोस्टाच्या तिकिटावर छापलंय.

सेल्वमचा चेहरा पडला. जानक्का त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन बसली. "सेल्वम, मोगरा कमी कर. आता नक्षी कमी कर. आता चेहरा कमी कर."

"अक्का, मग राहणार काय?"

"जें राहील तो आयकॉन."

राहिला एक गोल घेर आणि वर छोटंसं डोकं. पांढरा चौकोन घालवायला तिनं आणखी बरीच खटपट केली आणि हॉस्पिटलमध्ये तो बसवला. दुसऱ्याच दिवशी रिसेप्शनच्या तंगम मॅडमचा फोन. तंगम मॅडम म्हणजे हॉस्पिटलचा दरवाजा, घड्याळ आणि आकाशवाणी, सगळं एकात. "प्रोग्राम फार छान आहे हो! ते वांगं लाल झालं की रिपोर्ट आला, असंच ना?"

सेल्वम त्या दिवशी जेवला नाही. पण नाव पडलं ते पडलं. मोठे सर्जनसुद्धा वॉर्डात ओरडायचे, "वांगं बघा रे, लाल झालं का!"

सेतुरावांनी त्याची समजूत घातली. "कोवळें वांगें आहे की रे, किती गोड! बाहुली म्हणून कोण बघिट्लें असतें? वांगें अस्की बघतात."

•

काही दिवसांनी वांगं पट्टी सोडून पळालं.

म्हणजे सकाळी मशीन चालू केलं की आयकॉन खाली ट्रेमध्ये न बसता स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, एका इवल्याशा खिडकीत एकटाच उभा! सगळ्या मशीनवर नाही, काहींवर. रोज नाही, कधी कधी. या धंद्यात 'कधी कधी' या शब्दाइतका वाईट शब्द नाही.

सेल्वमनं कारण शोधलं. आमचा प्रोग्राम लवकर सुरू व्हायचा आणि खालची पट्टी, म्हणजे पॅनेल, मागाहून यायचं. बसायला ट्रेच नाही म्हटल्यावर आयकॉन जाईल कुठं? त्यावर त्यानं उपायही केला. प्रोग्रामला सुरुवातीला थोडा वेळ झोपवून ठेवायचं! ऑफिसात झकास चाललं. हॉस्पिटलची मशीनं म्हातारी, तिथं पॅनेल आणखी उशिरा यायचं. सेल्वमनं झोप वाढवली. मग आणखी वाढवली. शेवटी तंगम मॅडमचा फोन आला, "वांगं कॉफी पिऊन येतं का हो?"

जानक्कानं झोपेची ओळच काढून टाकली. आम्हाला समोर बसवून म्हणाली, "लग्नाच्या कल्याण मंडपाचें दार उघडायच्या आधी पाहुणा आला. तर तेला बाहेर झोपवून ठेवतात की? दार उघडलें की आतून हाक मारतात. पॅनेल पण उभें राहिलें की हाक मारतें, 'ट्रे आला, ट्रे आला' म्हणून. ती हाक ऐकायची. बस."

आणि खरंच, लिनक्समध्ये ट्रे आला की तशी दवंडी फिरते! आम्ही दोघांनी ती कधी ऐकलीच नव्हती. तिनं त्या दुपारी प्रोग्रामला कान दिले. नुसतं सुरुवातीलाच नाही, तर कायमचे. मी विचारलं, "अक्का, एकदा बसला की झालं ना? मग पुढं कशाला ऐकत राहायचं?"

"मंडप पडला तर?"

मी हसलो. पॅनेल काय पडणार आहे!

•

मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. गाव त्यांना देव मानायचं आणि ते मशीनला भूत मानायचे. त्यांचा निरोप आला: "तुमचं वांगं मला डोळा मारतं."

सेल्वम, जानक्का आणि मी, तिघेही धावलो. त्यांनी दाखवलं. वांगं लाल होतं, त्यांनी माऊस दाबला, खिडकी उघडली आणि तत्क्षणी मिटली! आमच्या हातून केलं तर उघडी राहायची. त्यांच्या हातून मात्र दरवेळी डोळा मारायची. सेल्वम माझ्या कानात कुजबुजला, "सार, यांच्या हातात काहीतरी करंट आहे."

जानक्का स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या बोटाकडे बघत होती. ते डबल क्लिक करत होते! आमच्या प्रोग्रामात एक क्लिक केलं की उघडायचं आणि दुसरं केलं की मिटायचं. आम्ही सगळे एकदाच दाबणारे, म्हणून आम्हाला कधी दिसलंच नाही.

सेल्वम लगेच पुढं झाला. "सर, एकदाच दाबायचं. आपण सगळ्या डॉक्टरांचं ट्रेनिंग ठेवू या."

मोठे डॉक्टर म्हणाले, "बाळा, पेशंटच्या खोलीत जाताना मी दार दोनदा वाजवतो. आयुष्यभराची सवय आहे. हेही पेशंटचंच दार ना?"

परत येताना सेल्वम ट्रेनिंगचा तक्ता कसा करायचा ते मला सांगत होता. जानक्का मागं वळून म्हणाली, "दोनदा वाजवणें चांगलें वळण आहे. तें कसाला मोडायाचें? आपलें मोडूं." ऑफिसात पोचल्यावर तिनं लागोपाठची दोन क्लिक एकच मानायला प्रोग्रामला शिकवलं. ट्रेनिंगचा तक्ता अजून व्हायचाय.

•

आयुधपूजेचा किस्सा मी कुठंही सांगितला की लोकांना वाटतं मी रचला.

आयुधपूजेला तमिळ मुलखात सगळ्या हत्यारांची पूजा. सुताराच्या रंध्याची, ड्रायव्हरच्या बसची, आणि आता कॉम्प्युटरचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन, तंगम मॅडमच्या मशीनवरून वांगं गायब! बाकी सगळीकडे आहे, फक्त तिथं नाही.

मी फोनवरून जेवढं विचारता येईल तेवढं विचारलं. प्रोग्राम चालू आहे? आहे. पट्टी दिसते? दिसते. घड्याळ? आहे हो. घड्याळाच्या डावीकडं? काही नाही. मशीन बंद करून चालू करा. केलं. काही नाही. सेल्वमनं लांबूनच मशीनची तपासणी केली तर प्रोग्राम छातीठोकपणे सांगतोय, मी बसलोय, ट्रेमध्येच बसलोय! दोघंही खरं बोलतायत आणि वांगं नाही.

शेवटी जानक्का सायकल काढून गेली. परत आली ती ओठ दाबून. आम्ही विचारलं, काय झालं? ती खुर्चीत बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

गुरुजींनी मॉनिटरला गंध-कुंकू लावलं होतं. चौकटीला लावायचं ते थेट काचेला. खाली, उजव्या कोपऱ्यात. वांग्याच्या बरोब्बर वर!

मी म्हटलं, "मग पुसलंस ना?"

"अय्यो, नोको! तंगम मॅडम काय सांगट्लें माहीत? पूजेचें कुंकूं पुसतात की? तें आपोआप जाईपर्यंत राहूं दे."

"मग?"

"मग काय? पट्टी वर नेलें. आता वांगें आकाशांत आहे."

•

जानक्काच्या आईकडे एकदा आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. तिरुवैयारुला, नदीकाठच्या घरी. आई गाणं शिकवायच्या. ओसरीवर मुली रियाज करत होत्या. आतून डांगरपछडीचा वास येत होता. आईंनी माझी सांगलीची मराठी ऐकून घेतली आणि लेकीला म्हणाल्या, "हे किती पटपट बोलतात गे. जेवतात तरी सावकाश की?"

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "जानकी करते तरी काय हो? इतकी शिकली. विचारलें तर सांगते, आयकॉन दिसाला पाहिजे."

सेतुराव जरा सावरून बसले आणि त्यांनी समजावलं. एवढंसं चित्र. कोपऱ्यात बसतं. काम नसेल तेव्हा कुणी बघत नाही. पण ते गेलं तर रिपोर्ट आल्याचं डॉक्टरांना कळत नाही.

"तेवढेंच?" आई म्हणाल्या. मला वाटलं, झालं! एवढ्या शिक्षणाचं वांगं झालं असं त्यांना वाटणार. पण त्यांनी ओसरीवरच्या मुलींकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तंबोरा म्हणा की. अस्की गाणाऱ्याकडे बघतात. तंबोरा थांबला की मग मात्र सगळ्यांस कळतें."

मी आजवर आमच्या कामाची खूप वर्णनं ऐकली, मोठमोठ्या हॉलमध्ये, पडद्यावर चित्रं दाखवून केलेली. याहून नेमकं एकही ऐकलं नाही. निघताना आईंनी जानक्काच्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, "पोंगलनंतर काय गे?" जानक्का वाकून चपला घालायला लागली.

•

पोंगल जवळ आला तसं वांगं पुन्हा जायला लागलं.

या वेळी रिसेप्शनची मशीनं, फक्त रिसेप्शनची, आणि फक्त सकाळी. प्रोग्राम सुरू व्हायचा आणि गुपचूप मरून जायचा. कारण आम्हाला कळलं होतं. प्रोग्राम चालू असताना एक खुणेची फाइल ठेवायचा, 'मी आत आहे' म्हणून, म्हणजे कुणी चुकून तोच प्रोग्राम दोनदा चालू करू नये. नीट बंद केला की जाताना ती खूण पुसून जायचा. रिसेप्शनवर ती खूण रोज तशीच राहायची. सकाळी प्रोग्राम यायचा, खूण बघायचा, 'मी तर आतच आहे!' म्हणून परत जायचा.

म्हणजे संध्याकाळी कुणीतरी तो नीट बंद करत नव्हतं. पण का? वांग्यावर उजवं क्लिक करायचं, मेनू येतो, त्यातलं शेवटचं दाबायचं. आम्ही मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवली. काही फरक नाही. तंगम मॅडमना विचारलं तर त्या म्हणायच्या, "हो हो, बंद करते की." डोळ्याला डोळा मात्र देत नव्हत्या.

जानक्का ड्यूटी संपायच्या वेळी जाऊन रिसेप्शनच्या बाकावर पेशंटांत बसली. तिनं बघितलं ते असं. तंगम मॅडमनी पर्स उचलली. वांग्यावर उजवं क्लिक केलं. मेनू उघडला. त्या शेवटच्या शब्दाकडे बघत राहिल्या. मग मेनू मिटला, इकडं तिकडं बघितलं आणि टेबलाखाली वाकून सरळ सगळ्या मशीनांचे स्विच एकामागून एक बंद केले!

जानक्का उठून जवळ गेली. "मॅडम, खरें सांगा. तें कसाला दाबत नाहीं?"

तंगम मॅडमचा बांध फुटला. सेल्वमनं 'एक्झिट'चं तमिळ डिक्शनरीतून उचललं होतं, 'वेळियेरु'. म्हणजे, बाहेर हो! "दिवसभर इथं माझ्याशेजारी बसून काम करतं ते. त्याला संध्याकाळी 'बाहेर हो' म्हणू? आणि तेही हॉस्पिटलात? इथून निघणारा पेशंटसुद्धा 'जातो' म्हणाला तर आम्ही त्याला थांबवतो. असं म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात. माझ्या तोंडून, माझ्या हातून ते होणार नाही!"

माझी आजीसुद्धा 'जातो' म्हटलं की उंबऱ्यातून परत बोलवायची. "येतो म्हण!" मी हे सगळं माहीत असून, मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवत होतो!

सेल्वम म्हणाला, "अक्का, डिक्शनरीत तर तेच आहे."

"डिक्शनरी ड्यूटी संपवून घरी जाते की?" जानक्का म्हणाली. तिनं शिळी खूण ओळखायला प्रोग्रामला शिकवलंच. पण त्याआधी मेनूतला तो शेवटचा शब्द काढला आणि तिथं लिहिलं, 'पोय्ट्टु वरेन'. जाऊन येतो.

त्या संध्याकाळपासून रिसेप्शनची सगळी मशीनं नीट बंद व्हायला लागली. तंगम मॅडम तर बटण दाबताना वांग्याला मान डोलावून "बरं, या" म्हणायच्या, असं सेल्वम शपथेवर सांगतो.

•

आणि मग पोंगल झाला.

हॉस्पिटलनं दिल्लीहून एक सल्लागार बोलावले. टाय, चकचकीत बूट, हातात चकचकीत लॅपटॉप. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमलो. मोठे डॉक्टर खुर्चीत. तंगम मॅडम दारापाशी, येणाऱ्या पेशंटांवर एक डोळा ठेवून. सेतुराव भिंतीला टेकून, घडी मोडलेली वेष्टी पुन्हा पुन्हा सारखी करत. जानक्का माझ्याशेजारी उभी होती. सकाळी बंगळूरहून फोन आला होता, आज उत्तर हवंय म्हणून. तिनं "संध्याकाळी सांगतें" म्हटलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं आणि न ऐकल्यासारखं केलं होतं.

सल्लागारांनी बरंच काही करून बघितलं. वांगं लाल झालं, पुन्हा पहिल्यासारखं झालं, उघडलं, मिटलं. ते मान हलवत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर 'गावठी माल' हे स्पष्ट लिहिलेलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि ही पट्टीच क्रॅश झाली तर?"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी खटाखट काहीतरी टाइप केलं आणि पॅनेल मारून टाकलं!

पट्टी गेली. घड्याळ गेलं. वांगं गेलं. स्क्रीनवर नुसता निळा रंग. मशीन म्हातारं, आतून कुरकुर ऐकू यायला लागली. थोड्या वेळानं पट्टी परत आली. रिकामी. मग घड्याळ आलं. मग आवाजाच्या भोंग्याचा आयकॉन आला. सल्लागार घड्याळाशेजारच्या जागेवर पेन्सिल ठेवून थांबले. जागा रिकामी.

"गॉन," ते म्हणाले.

मी सेतुरावांकडे बघू शकलो नाही. सेल्वमचे ओठ हलत होते, बहुतेक पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, काहीतरी कबूल करत होता. जानक्का स्क्रीनकडे बघत होती. मला मंडप आठवला. मंडप पडला तर? असं तिनं विचारलं होतं, आणि मी हसलो होतो.

तेवढ्यात दारातून तंगम मॅडमचा आवाज आला. एखाद्या धास्तावलेल्या नातेवाइकाला सांगावं तसा, अगदी शांत. "सार, थोडं थांबा. जाऊन येतो म्हणून सांगतं ते रोज. येईल."

सल्लागार हसायला लागले. त्यांचं हसू अर्ध्यावर असतानाच भोंग्याच्या बाजूची जागा जराशी सरकली, आणि वांगं आलं.

लाल!

मध्यंतरी लॅबमधून कुणाचातरी रिपोर्ट येऊन पडला होता. मोठे डॉक्टर पुढं वाकले. त्यांनी दोनदा टकटक केलं. रिपोर्ट उघडला, वाचला, आणि ते ताडकन उठले. "माफ करा, मला वॉर्डात जायला हवं." दारापर्यंत गेले आणि वळून सेतुरावांना म्हणाले, "मन्नारगुडीच्या शाखेत कधी बसवताय? आणि कुंभकोणमला? लवकर बघा."

सेतुराव जवळच्या स्टुलावर बसले. सेल्वमनं मला मिठी मारली. तंगम मॅडम पेशंटांकडे परत गेल्या, त्यांना यात विशेष काही वाटलंच नव्हतं. सेतुरावांनी डोळे पुसले आणि जानक्काकडे बघून जे कुणीच विचारत नव्हतं ते विचारलं.

"आणि बंगळूरला काय सांगणार गे?"

सल्लागार लॅपटॉपच्या बॅगेची चेन लावत होते. ती खांद्याला अडकवून त्यांनी सगळ्यांकडे बघून हात वर केला. "ओके देन. आय ॲम गोइंग."

जानक्का त्यांच्याकडे वळली, आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सॉरी सार. दॅट ऑप्शन इज नॉट इन अवर मेनू."